शेजारची नळी

रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि तिला हात लावायचा नाही. धडधाकट माणसाचं रक्त दहा-पंधरा मिनिटांत बसतं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर ते कवडीच्या दह्यासारखं जागच्या जागी राहतं. एवढी साधी तपासणी. हिला यंत्र लागत नाही की वीज लागत नाही, आणि आमच्याकडे ही दोन्ही असून नसल्यातच जमा होती.

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, एक्याऐंशीला, मी सरकारी नोकरीत लॅब टेक्निशियन म्हणून लागलो. ऑफिसातली मंडळी मला 'जिल्ह्याचा जुळा भाऊ' म्हणायची. सत्तावीस वर्षं रक्त, लघवी, थुंकी तपासली, त्यातली बहुतेक एका तालुक्याच्या दवाखान्यात. कोणता तालुका ते लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. त्याचं कारण शेवटी कळेल.

लॅब म्हणजे एक खोली. खिडकीशी सूक्ष्मदर्शक, कारण दिवे कधी जातील याचा नेम नाही. हाताने फिरवायचं एक यंत्र, नळ्यांचे स्टँड, एक मोरी. आणि दारात गिऱ्हाईकं. रक्त द्या म्हटलं की आमची माणसं रुसलेल्या जावयासारखं तोंड करतात. राजूरकडचे एक म्हातारबा होते. मी बोटाला सुई टोचली तर ओरडले, "आरं, शिशी भरून राह्यला का काय? जवारीच्या भाकरीवर बनवलेलं रक्त हाय ते!" मी त्यांना काचेवरचा थेंब दाखवला. म्हणाले, "एवढंच? मंग वापस घाल."

तीर्थपुरीकडच्या एका गड्याने तर गोडेतेलाचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. काय आहे विचारलं तर म्हणाला, "ह्योच चावला. डॉक्टर म्हन्ले, साप कोणता व्हता ते बराबर सांगा. आता तुमीच इचारा त्याला." डब्यात साप जिवंत होता. त्या दिवशीच्या सगळ्या तपासण्या मी व्हरांड्यात बसून केल्या.

साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. पेरणीपासून कापूस वेचेपर्यंत दर दोन-चार दिवसाला कुणाला तरी पान लागून यायचं. नाग-मण्यार चावले तर पापण्या जड होतात, श्वास अडतो. ते डोळ्याने दिसतं. घोणस आणि फुरसं यांचं विष मात्र रक्ताची गोठायची ताकदच खाऊन टाकतं. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, जुनी जखम पुन्हा वाहू लागते. आणि हे सगळं दिसेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो. म्हणून ती नळी. रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही तर विष चढलंय असं धरायचं आणि सापाची लस सुरू करायची. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा तेच.

ही पद्धत आमच्याकडे मंजूषा मॅडमनी आणली. शहरातल्या मेडिकल कॉलेजात त्या सापाच्या विषाने रक्त कसं बिघडतं याचा अभ्यास करत होत्या, नव्वदचं दशक संपत आलेलं होतं. आमच्यासारखे तीन-चार दवाखाने त्यांनी निवडले होते. मला एक रजिस्टर दिलं, काचेच्या नव्या नळ्यांचे खोके दिले. वॉर्डात सरोदे सिस्टरना एक तक्ता दिला: नाडी, बीपी, श्वास, लघवी किती आणि कोणत्या रंगाची, हिरड्या, सूज किती बोटं वर सरकली. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी बघायचं. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या. जन्मात पहिल्यांदा माझं रजिस्टर कुणीतरी वाचत होतं. मला फार अभिमान वाटायचा, आणि तो लपत नव्हता.

सरोदे सिस्टर आणि मी यांचं सुरुवातीपासून जरा तिखट होतं. बाई बीडकडच्या, तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. त्यांचं म्हणणं, पेशंट बघायचा असतो. माझं म्हणणं, बघून माणूस फसतो, काच फसत नाही. एकदा मी त्यांना सरळ म्हणालो, "सिस्टर, ताप-बीपी तुमचं. रक्त माझं." त्यांनी नुसतं "बरं भाऊ" म्हटलं.

तिसऱ्या महिन्याअखेर नव्या नळ्या संपल्या. मॅडमनी 'स्वच्छ, कोरडी काच' असं सांगितलं होतं. स्वच्छतेत मला कोण शिकवणार? बाकीच्या तपासण्यांच्या नळ्या मी वर्षानुवर्षं धूत आलो होतो. पण ही अभ्यासाची नळी, म्हणून मी घरून बायकोच्या कपड्यांच्या साबणाची पावडर आणली, भांडंभर फेस केला, ब्रश घालून एकेक नळी घासली, दोन पाण्यांतून काढली, उन्हात उलटी वाळवली. उजेडाकडे धरली तर नव्या नळीपेक्षा जास्त चमकायची. जाधव सर, म्हणजे आमचे मेडिकल ऑफिसर, बघून म्हणाले, "म्हस्के, तुमच्या नळ्यांत तोंड बघून दाढी करता येईल." मी ते घरी जाऊन सांगितलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस आला.

सकाळी आठच्या सुमाराला गयाबाईला आणलं. मेंढरं राखणारी माणसं. मुक्कामाचं पाल, म्हणजे तंबू, उचलताना हाताला पान लागलं होतं. सोबत नवरा, डोक्याला पटका, तोंडाला कोरड पडलेली. साप कुणी नीट पाहिला नव्हता. हातावर दोन बारीक टोचण्या, सूज जवळजवळ नाहीच. मी रक्त घेतलं, घड्याळ लावलं, वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. मी वॉर्डात जाऊन सांगितलं आणि जाधव सरांनी लस सुरू केली. फ्रीजमध्ये लसीच्या वीस वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, होत्या. एरवी चाळीस असायच्या, पण त्या तीन आठवड्यांत फार भराभर गेल्या होत्या. का गेल्या, हा प्रश्न मला पडला नाही.

पहिल्या डोसात दहा वायल गेल्या. दुपारी दोनला सिस्टर तक्ता घेऊन माझ्या दारात आल्या. त्या लॅबमध्ये कधी येत नसत.

"भाऊ, बाईच्या हिरड्या साफ हायेत. लघवी पाण्यासारखी निर्मळ. सूज बोटभर सरकली न्हाई. सकाळपसून चहा मागून राह्यली. मला काही हे घोणसाचं वाटत न्हाई."

"वाटून काय उपयोग? अडीचला दुसरी नळी लावतो. ती सांगेल."

"एखादी नवी नळी शिल्लक न्हाई का?"

"ह्या नव्यापेक्षा स्वच्छ आहेत, सिस्टर."

त्या स्टँडकडे बघून गेल्या. दुसरी नळीही वाहिली. मी चिठ्ठीवर 'गोठले नाही' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. सरांनाही शंका आली होती, हे मला नंतर कळलं. पण लेखी निकाल हातात असताना लस थांबवायची कुणी? पुन्हा लस लावली. ह्या खेपेची आठवी वायल चालू असताना गयाबाईला थंडी भरली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेता येईना. ओठ काळे पडायला लागले. सिस्टरनी सलाईनची चकती बंद केली, सर धावत येईपर्यंत इंजेक्शन भरून तयार ठेवलं आणि बाईला वाचवलं. नवरा कॉटचा पाय धरून खाली बसला होता. त्याला वाटत होतं, हे सगळं सापाचं आहे.

फ्रीजमध्ये दोन वायल उरल्या.

चार वाजता अंकुशला आणलं. तिशीतला शेतकरी, तुरीत खुरपताना पान लागलेलं. त्याच्यात शंकेला जागाच नव्हती. हात कोपराच्या वर सुजलेला, हिरड्यांतून रक्त, सकाळी दाढी करताना कापलं होतं तिथून पुन्हा धार. बायको सुमन पदराने त्याचं तोंड पुसत होती आणि पदर लाल होत होता. "जल्दी करा ना साहेब," एवढंच ती म्हणत होती. मी नळी लावली. लावायची गरज नव्हती. दोन वायल होत्या त्या दिल्या आणि दवाखान्याच्या जीपने त्याला जालन्याला पाठवलं. दीड तासाचा रस्ता, वाटेत एक जागी पाण्याने पूल अडवलेला. जीप निघताना अंकुश मला म्हणाला, "दोन बाटल्यांत भागंल का हो?" मी म्हणालो, "भागेल, पुढे अजून देतील."

जालन्याला लस मिळाली. त्याचं रक्त दुसऱ्या दिवशी गोठायलाही लागलं. पण मूत्रपिंडं बसली होती. तिथून औरंगाबादला नेलं आणि नवव्या दिवशी तो गेला. आमच्याकडे लगेच दहा वायल मिळाल्या असत्या तर वाचला असता का? मंजूषा मॅडमना मी हे पुढे तीनदा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा "सांगता येत नाही" म्हटलं. मला "नाही" हवं होतं.

मॅडम त्या महिन्यात आल्या, दोन्ही वह्या उघडल्या आणि एकेक ओळ बोटाने ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हस्के, ह्या तीन आठवड्यांत एकाचंही रक्त गोठलं नाही? आणि सिस्टरच्या तक्त्यात निम्मे लोक अगदी ठीक दिसतात."

मी म्हणालो, "यंदा साप जास्त विषारी असतील."

त्या हसल्या नाहीत. "बाही वर करा."

माझंच रक्त त्यांनी माझ्याच चमकणाऱ्या नळीत घातलं. घड्याळ लावलं. मी समोर बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला त्यांनी नळी माझ्या हातात दिली. मी ती आडवी केली आणि माझं रक्त, कुठलाही साप न चावलेल्या माणसाचं रक्त, काचेवरून वाहत तोंडापर्यंत आलं.

रक्ताला गोठायला काचेचा स्पर्श लागतो. साबणाचा नजरेला न दिसणारा थर काचेवर राहिला की तो स्पर्श होत नाही. बाकीच्या तपासण्यांना ते चालतं, ह्या एकीला चालत नाही. घाणेरडी नळी मी कधीच वापरली नसती. मी नको तितकी धुतली. मॅडम म्हणाल्या, "साबण नको, हे मी लिहून द्यायला हवं होतं." तो त्यांचा मोठेपणा. पण दुपारी दोन वाजता सिस्टर माझ्या दारात उभ्या होत्या, त्याचं काय करू?

मी जाधव सरांना सगळं सांगितलं. तीन आठवड्यांच्या नोंदींवर लाल रेघ मारून त्या अभ्यासातून काढल्या. त्यात अंकुशचीही गेली. त्याचं रक्त खरोखरच गोठत नव्हतं, पण नळी माझी होती. सिस्टरकडे गेलो, "चुकलं माझं" म्हणालो. माझ्याकडे न बघता त्या तक्ता भरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हतंय भाऊ? पुढल्या येळी नळी लावली की कॉटपाशी येत जा. माणसाचं तोंड बघत जा."

पुढे पंधरा दिवसांनी सुमन केसपेपरची नक्कल न्यायला आली. कपाळ मोकळं, सोबत भाऊ. मी नक्कल काढून दिली, पाणी दिलं, "बसा" म्हणालो. एवढं जवळ बसलेल्या माणसाला सांगायला किती वेळ लागतो? सांगितलं नाही. भीती वाटली. नोकरीची वाटली असं म्हणणं सोपं आहे, पण मला तिच्या तोंडाकडे बघायची वाटली.

त्यानंतर मी एक नियम केला. पान लागलेल्या प्रत्येक माणसाच्या नळीशेजारी दुसरी नळी, त्याच धुण्यातली, तिच्यात चांगल्या माणसाचं रक्त. ती गोठली तरच पहिलीवर विश्वास ठेवायचा. आणि चांगला माणूस म्हणून मीच. सिस्टर माझ्या दंडाला रबर बांधायच्या. नळीवर 'म' लिहायचो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, तीनदा. डाव्या हाताची शीर कडक झाली तेव्हा उजवा दिला. बायको म्हणायची, "दुसऱ्या कुणाचं घ्या की एखाद्या वेळी." जाधव सरही म्हणाले, शिपायांचं घ्या, माझं घ्या. मी ऐकलं नाही. अभ्यास संपला, मॅडम बदलून गेल्या, नव्या नळ्या नियमित यायला लागल्या, तरी ती नळी मी चालू ठेवली.

माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती तेव्हा एका सकाळी अकराच्या सुमाराला सुमन पुन्हा आली. मी तिला लगेच ओळखलं. सासूला घेऊन आली होती. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. "मामीला पान लागलं, कडब्याच्या गंजीत," ती म्हणाली. अंकुशची आई कॉटवर डोळे मिटून पडली होती.

मी म्हातारीचं रक्त घेतलं. मग सिस्टरनी माझं घेतलं. दोन्ही नळ्या खिडकीत ठेवल्या, घड्याळ लावलं. सुमन माझ्या मागे लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्या टायमाला एकच नळी व्हती," ती म्हणाली. "ही दुसरी कशाची?"

वीस मिनिटं होती माझ्याकडे. मी सांगितलं. साबण सांगितला, गयाबाई सांगितली, वीस वायल सांगितल्या, सिस्टर दारात आल्या होत्या ते सांगितलं. सांगून झाल्यावर ती भिंतीला टेकली.

"आठ वर्सं झाली," ती म्हणाली. "अन् तुमी आज सांगून राह्यले? मी हितं आल्ते ना कागद न्यायला? ह्याच बाकड्यावर बसले व्हते."

"हो."

"म्या तर समजून बसले, की आमालाच उशीर झाला. मामी मला बोलत राह्यल्या, की तू गाडी जल्दी न्हाई बघितली. आठ वर्सं ऐकून घेतलं म्या."

मला हे माहीत नव्हतं. मी तिच्या पायाशी वाकायला गेलो तर ती एकदम मागे सरली. "ते नका करू," ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, रागाने पुसले. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "येळ झाला का? बघा आधी."

मी आधी माझी नळी आडवी केली. गोठली होती. मग म्हातारीची केली. तीही गोठली होती. सिस्टर वॉर्डातून म्हणाल्या, "हिरड्या साफ, भाऊ. लघवी साफ."

"म्हणजे?" सुमनने विचारलं.

"विष चढलेलं नाही. लस द्यायची गरज नाही. पण आज इथंच ठेवू, सहा तासांनी पुन्हा बघू."

तिने त्या दोन नळ्या वाकून पाहिल्या. मग म्हणाली, "ती बाई हाय का? जिला आमच्या बाटल्या गेल्या, ती?"

"आहे. मेंढरं राखते."

"तिला सांगितलं तुमी हे?"

"नाही. सांगणार आहे. आता तुम्हाला सांगितलं, तर तिलाही..."

"नका सांगू," सुमन म्हणाली. "मामीला सांगा. आजच सांगा, माझ्या म्होरं. पण तिला नका सांगू. तिनं काय केलं? उगं जलमभर मनाला लावून घेईल."

त्या संध्याकाळी सहा तासांची नळी गोठल्यावर मी म्हातारीच्या कॉटपाशी बसून सगळं पुन्हा सांगितलं. तिने सुमनचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

रिटायर होऊन आता काही वर्षं झाली. इथे नावं, गावं बदलली ती सुमनच्या शब्दासाठी. मागच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. रांगेत कुणीतरी मागून हाक मारली, "रगतवाले भाऊ!" गयाबाई होती. केस पांढरे झालेले, अंगाने तशीच काटक. नातसुनेला पुढे ओढून म्हणाली, "पाया पड यांच्या. ह्यांनी पान बराबर वळखलं, अन् अठरा बाटल्या लावल्या, म्हनून मी हाय." मग तिने नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "वाचवलं ना हो तुमी मला?"

मी तो तुकडा कपाळाला लावला आणि हो म्हणालो.